आकाश रंगविणारा हर्ली

कॅनडाच्या पश्चिमेस, विनिपेग शहराच्या वेशीपासून रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या ज्या अफाट गवताळ प्रदेशाला प्रेअरी म्हणतात, त्याचे चित्र काढावयास बसलेल्या पहिल्यावहिल्या युरोपीय चित्रकारांची पुरती फजिती उडाली असली पाहिजे, असे मला नेहमी वाटत आले आहे. इंग्लंडातील निसर्गचित्रांच्या परंपरेने त्यांच्या मनावर असे बिंबविले होते की, पुढल्या अंगास एखादा डेरेदार वृक्ष, मध्यभागी ओढा अगर वळणाची वाट आणि पार्श्वभूमीस निळसर टेकड्यांची रांग एवढे साहित्य जेथे जमते तेथेच चित्र संभवते. आणि येथे तर नजर टाकावी तिकडे सपाट भूमी, तिच्या कडेला एक आडवी रेषा, आणि त्या रेषेच्या वर डोळ्यांत मावू नये एवढे आकाश. ज्या मुलखात उंचवटा नाही, सावली नाही, आडोसा नाही, त्या मुलखात चित्रही नाही, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला आणि रंगांची पेटी मिटून ते पुढे पर्वतांकडे निघून गेले.

त्या प्रदेशाच्या कलेचा इतिहास चाळला तर ह्या निष्कर्षाच्या खुणा जागोजाग आढळतात. टोरांटोहून आलेल्या सी. डब्ल्यू. जेफ्रीज ह्याने 1912 साली गवतातून जाणाऱ्या गाडीवाटेचे एक सुंदर चित्र रंगविले खरे, पण तो पाहुणा होता. चित्र घेऊन परत गेला. 1920 साली स्थापन झालेल्या सुप्रसिद्ध ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ ह्या चित्रकारमंडळाने कॅनडाचा आत्मा शोधला तो आँटेरिओच्या खडकांत आणि वाऱ्याने वाकलेल्या पाइन वृक्षांत. ब्लॅकपूल येथे जन्मलेला, सास्काचेवान प्रांतात येऊन जमीन कसणारा आणि पुढे तेथील विद्यापीठाचे अध्यक्ष वॉल्टर मरे ह्यांच्या आश्रयाने कलाशिक्षक झालेला ऑगस्टस केंडरडाइन हा तर त्या प्रांताचाच रहिवासी. परंतु 1936 साली विद्यापीठाचे उन्हाळी कलाशिबिर भरविण्याची वेळ आली तेव्हा त्यानेही जागा निवडली ती प्रिन्स अल्बर्ट शहराच्या उत्तरेस, एमा सरोवराच्या काठी, म्हणजे जेथे मैदान संपते आणि अरण्य सुरू होते तेथे.

हे उघडेबोडके मैदान आहे तसे, त्यात पदरचे एकही झाड न घालता, पाण्यात कालविलेल्या रंगांनी वर्षानुवर्षे रंगविणारा माणूस निघाला तो कोणा कलाशाळेचा स्नातक नव्हता. लंडनच्या छापखान्यात उमेदवारी केलेला, पहिल्या महायुद्धात सैन्यात राहिलेला आणि नंतर परमुलखात दुसऱ्याच्या शेतावर राबलेला रॉबर्ट न्यूटन हर्ली नावाचा तो एक साधा इसम होता. त्याचा जन्म 1894 चा. कॅनडास तो आला 1923 साली, वयाच्या ऐन तिशीच्या उंबरठ्यावर, म्हणजे ज्या वयात पुष्कळ चित्रकारांची पहिली प्रदर्शने होऊन गेलेली असतात त्या वयात. आणि तेव्हा कुंचला धरण्याचा विचारही त्याच्या मनात असेल असे दिसत नाही.

हर्ली ज्या भूमीवर येऊन उतरला तिची थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे, कारण त्याच्या चित्रांतील रेषा ह्या बऱ्याच अंशी सरकारी दप्तरात आखलेल्या रेषा आहेत. 1872 च्या कायद्यान्वये कॅनडा सरकारने असे जाहीर केले की, दहा डॉलर नोंदणी-शुल्क भरून जो कोणी 160 एकरांचा तुकडा घेईल, त्यावर घर बांधून तीन वर्षे राहील आणि ठरल्याप्रमाणे जमीन नांगरील, त्यास त्या तुकड्याची कायम मालकी मिळेल. ही वाटणी सुकर व्हावी म्हणून मोजणीदारांच्या तुकड्या आधीच साखळ्या घेऊन निघाल्या होत्या आणि टेकडी येवो, तळे येवो वा डबके येवो, कशाचीही भीड न धरता त्यांनी सारा मुलूख एक मैल लांब व एक मैल रुंद अशा चौकोनांत कापून काढला. असे 36 चौकोन मिळून एक वस्तीविभाग, आणि दर मैल-दोन मैलांवर रस्त्यासाठी राखलेली सरळ पट्टी. रस्ता वळतो कारण नदी वळते, गाव वसते कारण पाणी असते, हा जुन्या जगाचा न्याय येथे चालला नाही. येथे रस्ता सरळ गेला, कारण नकाशावर पट्टीने रेघ ओढली गेली होती.

आणि ही भूमी रिकामी होती हेही पूर्ण सत्य नव्हे. क्री व अन्य आदिवासी राष्ट्रांशी 1874 आणि 1876 साली तहनामे करून, गव्यांचे कळप नामशेष झाल्यामुळे उपासमारीने खचलेल्या त्या लोकांना राखीव क्षेत्रांत बसविण्यात आले. 1885 साली मेटिस ह्या मिश्रवंशीय लोकांचा उठाव बाटोश येथे मोडण्यात आला आणि त्यांचा नेता लुई रिएल ह्यास रेजायना येथे फाशी देण्यात आले. प्रेअरीच्या चित्रांतील ते पवित्र रितेपण पाहून ज्यांचे मन हरखते त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, त्यातील काही रितेपण निसर्गाचे आहे आणि काही बंदोबस्ताचे. हर्लीच्या चित्रांतही माणूस बहुधा नसतो. पण त्याने नकळत एक प्रामाणिकपणा केला आहे. मोजणीदाराने आणि आगगाडीने ह्या भूमीवर जे जे उभे केले ते त्याने वगळले नाही.

त्यातले सर्वांत ठळक म्हणजे धान्याचे एलिव्हेटर. लोहमार्गाच्या कडेला दर आठ-दहा मैलांवर, घोड्यांची गाडी एका दिवसात जाऊन परत येऊ शकेल एवढ्या अंतराने, ही लाकडी उत्तुंग कोठारे उभी राहिली होती. 1930 च्या सुमारास तिन्ही मैदानी प्रांतांत मिळून त्यांची संख्या पाच हजारांवर गेली होती. गव्हाने भरलेली गाडी चढणीवरून आत यायची, खालच्या काट्यावर तिचे वजन व्हायचे, मागचा फळा उघडून गहू तळघरातल्या हौदात ओतला जायचा, आणि मग पट्ट्यावर बसविलेल्या वाट्यांची अखंड माळ तो उचलून थेट माथ्यावर नेऊन, प्रतीप्रमाणे निरनिराळ्या कोठ्यांत सोडायची. पुढे मालगाडीचा डबा बाजूला लागला की नळीवाटे तो डब्यात. कोठारे तांबड्या, करड्या अगर पांढऱ्या रंगाची, माथा उतरत्या छपराचा. ज्या प्रदेशात चर्चचा मनोराही ठेंगणा, तेथे ही कोठारे वीस वीस मैलांवरून दिसत आणि वाटसरू गावाचे अंतर त्यांच्या उंचीवरून अजमावीत. गावकऱ्याला त्यांत हिशेब दिसे, अडत्याचा काटा दिसे, कधी कधी फसवणूकही दिसे. आपली पिके आपणच विकावीत म्हणून सास्काचेवानच्या शेतकऱ्यांनी 1924 साली जो सहकारी गहू संघ स्थापन केला, त्याच्या मुळाशी हाच काटा होता. मात्र ह्या कोठारांत कोणाला सौंदर्य दिसले होते, असे म्हणण्यास आधार नाही.

मग 1929 आले, आणि त्याबरोबर जागतिक मंदी. ज्या गव्हाला त्या वर्षी बुशेलमागे दीड डॉलरच्या आसपास भाव मिळाला होता, त्याचा भाव 1932 च्या अखेरीस 40 सेंटांच्याही खाली गेला. आणि भाव पडले एवढ्यावरच न थांबता आकाशही फिरले. पाऊस रुसला, नांगरलेली सुपीक माती वाऱ्यावर उडू लागली, टोळ आले, 1935 साली उभ्या गव्हावर तांबेरा पडला, आणि 1937 साली तर सास्काचेवानात एकरी तीन बुशेलसुद्धा गहू पदरात पडला नाही. त्या वर्षीच्या 5 जुलैस मिडेल व यलो ग्रास ह्या खेड्यांत 45 अंश सेल्सिअस उष्मा नोंदला गेला. ज्या मुलखात हिवाळ्यात पारा शून्याखाली 40 पर्यंत उतरतो त्या मुलखात! सास्काचेवानातील दरडोई उत्पन्न 1928-29 मध्ये 478 डॉलर होते ते 1933 मध्ये 135 वर आले. शेतकऱ्यांना बियाण्यासाठी तगाई, गुरांसाठी चारा, पोटासाठी शिधा, सारे सरकारातून. पूर्वेकडच्या प्रांतांनी आगगाड्या भरभरून सफरचंदे व खारवलेले मासे धाडले. समुद्र कधी न पाहिलेल्या गृहिणींना त्या फळीसारख्या कडक माशांचे करावे काय हे उमगेना, अशा गोष्टी तिकडे अजून सांगतात. पेट्रोलला पैसा नाही म्हणून मोटारीचे इंजिन काढून तिला घोडे जुंपले, आणि पंतप्रधान बेनेट ह्यांच्या नावाने त्या वाहनाचे बारसे केले. दहा वर्षांत सुमारे अडीच लाख माणसे मैदानी प्रांत सोडून गेली.

ह्या दुर्दशेत हर्ली सास्काटून शहरी बेकार होऊन पडला होता. शहरात काम नव्हते असे नाही. दक्षिण सास्काचेवान नदीवर ब्रॉडवे पूल नावाचा जो देखणा कमानदार पूल आज दिसतो, तो बेकारांना रोजी मिळावी म्हणून 1932 साली वर्षाच्या आत बांधून काढलेला आहे. परंतु दुष्काळी कामे सर्वांना पुरत नसतात, हे आपल्याकडच्या वाचकास सांगावयास नको. हातात काम नाही, खिशात दाम नाही, अशा त्या रिकाम्या दिवसांत हर्लीने चित्रे काढावयास आरंभ केला. रंग व कुंचले विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे रानफळांचा रस आणि दात घासण्याचा ब्रश एवढ्या भांडवलावर त्याने सुरुवात केली, असे सांगितले जाते. ही कथा कलावंतांच्या चरित्रांत शोभून दिसणारी आहे आणि म्हणून ती जरा जपूनच ऐकावी. पण त्या काळची दशा ज्याला ठाऊक आहे तो तिला असंभाव्य म्हणणार नाही.

त्याच शहरात अर्न्स्ट लिंडनर नावाचा एक ऑस्ट्रियन गृहस्थ होता. व्हिएन्ना येथे 1897 साली जन्मलेला, 1926 साली कॅनडास येऊन तोही प्रथम शेतमजूर झालेला, हा मनस्वी माणूस तंत्रशाळेत रात्रीचे चित्रकलेचे वर्ग चालवी, आणि शनिवारी रात्री त्याच्या घरी चित्रकार, प्राध्यापक, संगीतज्ञ ह्यांची मैफल जमे. हर्ली त्याच्या वर्गात जाऊ लागला. गुरूचा जीव अरण्यात; कुजणारे बुंधे, शेवाळ, साचलेले पाणी ह्यांच्या बारकाव्यांत तो पुढे आयुष्यभर रमला. शिष्याने त्याच्याकडून हात घेतला, विषय घेतला नाही. गुरूच्या विषयापासून दूर राहण्याचे धैर्य पुष्कळ हुशार विद्यार्थ्यांना होत नाही. हर्लीला ते सहज साधले, कारण शहराबाहेर चालत गेले की त्याला जे दिसे त्यात बुंधा असा नव्हताच.

जलरंग त्याने पत्करला तो आधी गरिबीमुळे, हे उघड आहे; कॅनव्हास नको, तेल नको, मोठी खोली नको, कागद आणि पाण्याची वाटी पुरे. पण माध्यम आणि विषय ह्यांची अशी गाठ क्वचितच पडते. प्रेअरीच्या आकाशाला तैलरंगाचा जड लेप मानवत नाही. कागद भिजवायचा, किंचित तिरका धरायचा, वरच्या कडेपासून निळ्याचा पातळ हात ओढीत खाली आणायचा, क्षितिजाजवळ येता येता तो विरवून त्यात पिवळसर वा गुलाबी छटा सोडायची, आणि ओल असतानाच ढगांच्या जागा टिपून घ्यायच्या. कोकणातल्या दमट हवेत हे काम सावकाश करता येईल. सास्काचेवानची हवा हाडासारखी कोरडी, तेथे कागद पाहता पाहता वाळतो आणि वाळलेल्या कडेवर दुसरा हात फिरविला की डाग कायमचा. चुकीला क्षमा नाही, दुरुस्तीला मुदत नाही. हर्लीच्या चांगल्या चित्रांत आकाशाचा जो एकसंध, न अडखळलेला पसरट ओघ दिसतो तो ह्या घाईतून आणि त्या घाईवर मिळविलेल्या ताब्यातून आला आहे.

त्याच्या चित्राची मांडणी एकदा पाहिली की विसरत नाही. क्षितिजरेषा कागदाच्या अगदी तळाशी, इतकी खाली की जमिनीला तीन-चार बोटांची पट्टी उरावी. तिच्यावर सारे आकाश. जमिनीच्या त्या पट्टीतून गाडीचा रस्ता, चाकोरीच्या दोन रेघांसह, क्षितिजावरच्या एका बिंदूकडे सरळ निघालेला. त्याच्या कडेने टेलिफोनच्या खांबांची ओळ, पहिला खांब जवळचा आणि किंचित कललेला, मग क्रमाक्रमाने लहान होत जाणारे, शेवटचे काडीएवढे. आणि बिंदूपाशी, नखाएवढी, एक-दोन कोठारे. ज्या गोष्टीमुळे इतरांना हा मुलूख चित्राला नालायक वाटला होता, तिलाच त्याने चित्राचा विषय केला. मोजणीदाराच्या रेघेने त्याला दूरता दिली, खांबांनी त्या दूरतेचे माप दिले, आणि कोठाराने डोळ्याला टेकण्यापुरता आधार दिला. एवढ्या थोडक्या साहित्यात चित्र तोलून धरणे हे वाटते तितके सोपे नाही. छापखान्यात खिळे जुळविण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाला कोऱ्या जागेचे मोल आणि एका बारीक रेघेचे वजन ही दोन्ही कळतात. हर्लीची नजर कलाशाळेत घडण्याआधी छापखान्यात घडली होती, असे मला वाटते, मग तो स्वतः काहीही म्हणो.

पुढे त्याला स्थिर नोकरी मिळाली, तीही मोठी समर्पक. सास्काटूनच्या विद्यापीठाच्या आवारात पिकांच्या रोगांचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा होती; ज्या तांबेऱ्याने 1935 साली शेते जाळली त्याच्यासारख्या रोगांचे तेथे संशोधन चाले. तेथे हर्ली साहाय्यकाचे काम करू लागला आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिला. दिवसा गव्हाच्या रोगाची नळ्यांत आणि बशांत निगा, आणि उरल्या वेळी तोच गहू साठविणाऱ्या कोठारांची चित्रे. चित्रावर पोट अवलंबून नाही म्हणून तो चित्राची किंमत वाढवीना. आणि किंमत थोडी म्हणून चित्रे खपत. शाळामास्तर, परिचारिका, बँकेतला कारकून, खेड्यातला डॉक्टर अशा लोकांच्या बैठकीत त्याची चित्रे लागली. लग्नात भेट द्यावयाची, बदली होऊन पूर्वेस जाणाऱ्याला आठवण म्हणून द्यावयाची, निवृत्त होणाऱ्याला निरोपादाखल द्यावयाची वस्तू म्हणजे हर्लीचे चित्र, असा जणू प्रघातच पडला.

आणि येथेच त्याचे नशीब फिरले. जे चित्र दर दुसऱ्या घरात आहे ते कलादालनात कशाला, असा प्रश्न जाणकार विचारू लागले. दरम्यान त्या प्रांतात वारे बदलले होते. 1955 पासून एमा सरोवराच्या काठी व्यावसायिक चित्रकारांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. 1959 साली न्यूयॉर्कहून चित्रकार बार्नेट न्यूमन आला, 1962 साली समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग आला. 1961 साली रेजायनाच्या पाच अमूर्तवादी चित्रकारांचे प्रदर्शन ओटावाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने भरविले आणि एका खेडवळ समजल्या जाणाऱ्या प्रांताचे नाव एकाएकी न्यूयॉर्कच्या तोंडी आले. ह्या धामधुमीत खांब आणि कोठारे रंगविणाऱ्या वृद्ध प्रयोगशाळा-साहाय्यकाकडे कोण पाहणार? गंमत अशी की, कॅनव्हासवर दोन-चार सपाट पट्टे आणि एक रेघ एवढेच ठेवावे, बाकी अवकाशच बोलू द्यावा, हा जो उपदेश न्यूयॉर्कहून विमानाने येत होता, त्याच्या बराच जवळ हा माणूस तिसाच्या दशकातच, वाळक्या हवेत कागद वाळण्यापूर्वी, पोहोचलेला होता. त्याने कोठार ठेवले, त्यांनी ते काढून टाकले, एवढाच काय तो फरक. आणि हा फरक लहान आहे असे मी म्हणत नाही, पण तो एका बाजूस कीर्ती आणि दुसऱ्या बाजूस विस्मृती टाकण्याइतका मोठाही नाही.

हर्लीच्या विरुद्धचा आक्षेप मात्र प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. त्याने पुनरुक्ती फार केली. मागणी तसा पुरवठा ह्या न्यायाने तोच रस्ता, तेच खांब, तीच कोठारे त्याने इतक्या वेळा काढली की, कित्येक कागदांवर आकाशसुद्धा सवयीचे होऊन बसले आहे. सूर्यास्ताचा रंग कधी कधी गिऱ्हाइकाच्या आवडीचा वाटतो. दहा चित्रे शेजारी शेजारी मांडली तर त्यांतली सात निमूटपणे बाजूला ठेवावी लागतील. परंतु उरलेल्या तिनांतले आकाश कोणाकडून उसने आणलेले नाही, आणि चित्रकाराचा हिशेब त्याच्या उत्तम चित्रांवरून करावा ही रीत आपण इतरांच्या बाबतीत पाळतोच.

1963 साली नोकरीतून मोकळा झाल्यावर हर्ली पश्चिम किनाऱ्यावर व्हिक्टोरिया येथे राहावयास गेला. समुद्राकाठचे ते हिरवेगार, फुलांनी नटलेले शहर प्रेअरीतल्या निवृत्तांचे आवडते ठिकाण. तेथे हिवाळा सौम्य. 1973 साली जीन स्वॉन्सन ह्यांनी त्याचे चरित्र लिहिले आणि त्या चरित्राच्या नावात ‘आकाशाचा चित्रकार’ ही पदवी गुंफली. ते सास्काटून येथेच प्रसिद्ध झाले. 1980 साली तो वारला.

त्याच्यामागून त्याचे विषयही गेले. आगगाडीच्या शाखा बंद पडल्या, ट्रकने धान्य दूरवर नेता येऊ लागले, सिमेंटची प्रचंड कोठारे मोजक्या ठिकाणी उभी राहिली, आणि लाकडी एलिव्हेटर एकामागून एक पाडण्यात आले. आज त्यांतले फारच थोडे शिल्लक आहेत. त्यामुळे जी चित्रे एके काळी ‘आपल्याच दारातले रोजचे दृश्य’ म्हणून हिणवली गेली, तीच आता अभिलेखागारातल्या कागदाइतकी मोलाची ठरू लागली आहेत. परंतु हर्लीला ह्या दयेची गरज नाही. कोठारे पडली म्हणून त्याचे महत्त्व वाढले असे नव्हे. ती उभी होती आणि कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हते, तेव्हा त्याने पाहिले, हे त्याचे काम. सास्काचेवानच्या चित्रकलेचा इतिहास 1955 च्या कार्यशाळेपासून सांगण्याची जी रूढी पडली आहे ती मोडून तो पंचवीस वर्षे मागे न्यावा, आणि त्या पहिल्या प्रकरणात केंडरडाइन व लिंडनर ह्यांच्या जोडीने हर्लीचे नाव तळटीपेत न घालता मजकुरात घालावे. त्याहून अधिक काही तो मागत नाही, आणि त्याहून कमी देणे अन्यायाचे होईल.